शून्यावरचा खड्डा: जळगावच्या एसटीएमवर दिसलेली गॅप कशाची होती?

मार्च संपत आला होता आणि एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या प्रकल्पाचे पोस्टर छपाईला जायचे होते. मधोमध एक आलेख: आडव्या अक्षावर बायस व्होल्टेज, उभ्या अक्षावर सामान्यीकृत डीआय/डीव्ही, म्हणजे व्होल्टेज किंचित बदलल्यावर करंट किती बदलतो त्याचे माप. शून्याभोवती रुंद खड्डा, त्याचे खांदे उणे ८० आणि अधिक ८० मिलिव्होल्टला. खड्ड्याच्या तळाशी, नेमकी शून्यावर, आणखी एक अरुंद खाच. खाली निष्कर्ष छापलेला होता: आतली खाच अतिवाहकतेच्या गॅपची, म्हणजे इलेक्ट्रॉनांना जिथे जागा नाही अशा ऊर्जांच्या पट्ट्याची, बाहेरचा खड्डा स्यूडोगॅपचा, म्हणजे अतिवाहकता नसतानाही दिसणाऱ्या तशाच अर्धवट पट्ट्याचा. नमुने दोन, वायबीसीओ (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड) आणि बिस्मथचा २२१२, दोन्ही उच्च तापमान अतिवाहक, दोन्हींत गॅप सारखीच. मापन एसटीएमने, म्हणजे टोकदार टिप आणि पृष्ठभाग यांच्या फटीतून टनेलिंगने वाहणारा करंट मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, जळगावातल्या एका महाविद्यालयात, पहिल्या मजल्यावर, ३२ अंश सेल्सिअसला, हवेत.

“सर, गॅप आली,” विद्यार्थिनी म्हणाली.

“आली खरी, पण कोणाची?” मार्गदर्शकांनी विचारले.

पुढचे पाच आठवडे या दुसऱ्या प्रश्नात गेले. हे प्रकरण अशा प्रकल्पांत वरचेवर घडणाऱ्या गोष्टी एकत्र बांधून अभ्यासासाठी उभे केले आहे. वाचने त्या जातीच्या मापनात येतात तशी घेतली आहेत. पदार्थांचे आणि भौतिकीचे आकडे जसेच्या तसे आहेत.

यंत्र आणि नमुने

एसटीएम टेबलावर मावणारा, व्हॅक्यूम नाही, थंड करायची सोय नाही. टिप ०.२५ मिलिमीटर जाडीच्या प्लॅटिनम-इरिडियम तारेची. सेटपॉइंट, म्हणजे फीडबॅक टिपची उंची बदलून जो करंट कायम ठेवतो तो, १ नॅनोअँपियर, बायस १०० मिलिव्होल्ट, म्हणजे जंक्शनचा रोध १०० मेगाओहम. फीडबॅक बंद करून बायस उणे ३०० पासून अधिक ३०० मिलिव्होल्टपर्यंत २५६ बिंदूंत फिरवायचा, करंट नोंदवायचा, वीस फेऱ्यांची सरासरी घ्यायची आणि संगणकावर अवकलन करायचे. लॉक-इन, म्हणजे डीआय/डीव्ही थेट मोजणारा अँप्लिफायर, नव्हता.

वायबीसीओची गोळी विभागातच केलेली. यिट्रियम ऑक्साइड १.१२९ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ३.९४७ ग्रॅम आणि कॉपर ऑक्साइड २.३८६ ग्रॅम, यात यिट्रियम, बेरियम, तांबे यांचे प्रमाण १:२:३ बसते. खलात घोटायचे, ९२० अंशांवर १२ तास, पुन्हा घोटायचे, पुन्हा भट्टी, असे तीनदा. मग गोळी दाबून पक्की भाजायची आणि शेवटी ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंशांवर रात्रभर ठेवून सावकाश निववायची. हा शेवटचा टप्पा घाईत उरकला की ऑक्सिजन कमी पडतो आणि हातात काळी, दिसायला तशीच, पण अतिवाहक नसलेली गोळी राहते. इथे तो नीट झाला होता. द्रवरूप नायट्रोजन कृत्रिम रेतन केंद्रातून आला. खानदेशात नायट्रोजनचा सोपा रस्ता तोच: गाई-म्हशींच्या वीर्यकांड्या ज्या कंटेनरात ठेवतात, त्यातलाच ७७ केल्विनचा द्रव. गोळी त्यात बुडवल्यावर तिच्यावर लोहचुंबक तरंगला. म्हणजे गोळी खरोखर अतिवाहक होती, आणि पुढच्या गैरसमजाला पहिला टेकू तिथेच मिळाला.

दुसरा नमुना बिस्मथ-स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम-कॉपर ऑक्साइडचा, म्हणजे २२१२ चा, तीन-चार मिलिमीटरचा एकस्फटिक. संशोधन संस्थेतल्या ओळखीतून मिळालेला. अभ्रकासारखा पापुद्र्यांनी सुटतो. चिकटपट्टी लावून ओढली की ताजा, आरशासारखा पृष्ठभाग मिळतो, कारण दोन बिस्मथ-ऑक्सिजन थरांमधला बंध फार कमजोर असतो. वायबीसीओला अशी सुटायची नैसर्गिक जागा नाही. त्यात हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या पृष्ठभागाशी विक्रिया करतात, आणि बेरियमचे हायड्रॉक्साइड, कार्बोनेट असे विद्युतरोधक कवच चढते. एसटीएमने उच्च तापमान अतिवाहकांबद्दल जे शिकवले त्यातले बरेचसे २२१२ वर शिकवले, त्यामागे हे साधे कारण आहे.

आकडा जुळला आणि फसगत झाली

पोस्टरवर एक गुणोत्तर होते. गॅपची दुप्पट भागिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले संक्रमण तापमान: उत्तर १०.३. साध्या अतिवाहकांच्या बीसीएस सिद्धान्तात हे गुणोत्तर ३.५३ येते. २२१२ मध्ये गॅप सुमारे ४० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि संक्रमण तापमान सुमारे ९० केल्विन धरले तर १०.३ येते. आकडा दशांशापर्यंत जुळला म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल?

पण पोस्टरवरचा ८० हा आकडा गॅपची दुप्पट म्हणून धरला होता, आणि तो आला होता शून्यापासून एका खांद्यापर्यंतच्या अंतरातून. साध्या धातूच्या टिपने अतिवाहक मोजताना शिखरे अधिक-उणे एका गॅपवर येतात. गॅपची दुप्पट म्हणजे एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर. इथे ते अंतर १६०, म्हणून गुणोत्तर २०.६. दोन्हीकडे अतिवाहक असलेल्या जंक्शनचा नियम इथे लावला गेला. ही चूक एकट्या या प्रकल्पाची नाही. वर्गात दोन्ही जंक्शनांचे आलेख एकाच तासाला शिकवले की ती हमखास होते.

तापमान

‘नमुना अतिवाहक आहे’ आणि ‘मापन चालू असताना नमुना अतिवाहक होता’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. ३२ अंश सेल्सिअस म्हणजे ३०५ केल्विन. दोन्ही पदार्थांचे संक्रमण तापमान ९० च्या आसपास. अतिवाहकतेची गॅप दिसण्याचा प्रश्नच नाही.

यावर बचाव असा की स्यूडोगॅप तर संक्रमण तापमानाच्या वरही राहते. हे खरे आहे. जिनिव्हाच्या गटाने १९९८ मध्ये २२१२ वर एसटीएमनेच दाखवले की संक्रमण तापमान ओलांडल्यावरही शून्याभोवतीचा खड्डा बुजत नाही. ऑक्सिजन कमी असलेल्या नमुन्यात तो बऱ्याच वरपर्यंत टिकतो. म्हणून नुसते ‘खोली गरम होती’ म्हणून बाहेरचा रुंद खड्डा खोडता येत नव्हता, आणि मार्गदर्शकांनी तो तिथे खोडला नाही हे बरे केले.

आतली खाच मात्र तापमानानेच खोडली. टिपमधल्या इलेक्ट्रॉनांची फर्मी सीमा, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापातळ्यांमधली हद्द, तापमानामुळे पसरलेली असते, आणि डीआय/डीव्ही मधले कुठलेही वैशिष्ट्य त्यामुळे निदान साडेतीन केटी (केटी म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) इतके पसरते. ४.२ केल्विनला हे १.३ मिलिव्होल्ट, ७७ ला सुमारे २३, आणि ३०५ ला ९० च्या वर. नमुन्यात काहीही असो, ३२ अंशांवरच्या टिपने १० मिलिव्होल्ट रुंदीची खाच पाहणे शक्य नाही. जे तापमानाच्या पसाऱ्यापेक्षा अरुंद आहे ते इलेक्ट्रॉनांकडून आलेले नाही. ते तारेतून किंवा संगणकातून आलेले आहे. वर्णपट, म्हणजे डीआय/डीव्हीचा असा आलेख, हाती आला की सगळ्यात आधी हीच पट्टी लावावी. पेन्सिलने दोन मिनिटांचे काम आहे.

खाच कुठून आली

टिप मागे घेतली, जंक्शन तोडले आणि करंट पाहिला. शून्य यायला हवा होता, आला ६० पिकोअँपियर. अँप्लिफायरचा ऑफसेट. दुपारी खोली तापली की तो सरकत होता.

एवढ्याने काय बिघडते? सामान्यीकरणात डीआय/डीव्हीला आय/व्हीने भागतात. ऑफसेट असला की व्होल्टेज शून्याकडे जाताना आय/व्ही शून्याच्या एका बाजूला बेफाम वाढतो आणि भागाकार शून्याला टेकतो: खाच. दुसऱ्या बाजूला छेद स्वतःच शून्य होतो आणि सुळका उभा राहतो. शून्याजवळचा उतार ६ नॅनोसीमेन्स धरला तर ६० पिकोअँपियरचा सुळका १० मिलिव्होल्टवर येतो. मूळ फाइलमध्ये तो सुळका होता. पोस्टरपर्यंत पोहोचायच्या आधी ‘स्पाइक’ म्हणून कापला गेला आणि वर नऊ बिंदूंची सरासरी फिरवली गेली. दोन बिंदूंमधले अंतर २.३५ मिलिव्होल्ट, म्हणजे सरासरीची खिडकीच वीस मिलिव्होल्टच्या वर. खाच दोन्हीकडून गोल, सममित आणि पटण्यासारखी झाली ती अशी.

प्रत्येक फेरीआधी टिप मागे घेऊन ऑफसेट वजा केला. खाच गेली. रुंद खड्डा जागच्या जागी.

सोन्याचा मणी

रुंद खड्डा नमुन्याचा आहे की जंक्शनचा, हे ठरवायला असा पृष्ठभाग हवा ज्याचा वर्णपट सपाट असतो हे माहीत आहे. ग्राफाइट विभागात होते, पण ते अर्धधातू आहे. त्याची अवस्था-घनता, म्हणजे दर ऊर्जेला इलेक्ट्रॉनांसाठी असलेल्या जागांची संख्या, मुळातच शून्याजवळ कमी होते, त्यामुळे खड्ड्याच्या चौकशीत ते साक्षीदार म्हणून कुचकामी. सोने हवे.

जळगावात सोन्याला तोटा नाही, पण दागिन्याचे २२ कॅरेट चालत नाही, त्यात तांबे-चांदी असते. ९९.९ टक्के शुद्धतेची अर्धा मिलिमीटर जाडीची चार सेंटिमीटर तार घेतली. कारागिराच्या फुंकणीवर तारेचे टोक वितळवले की पृष्ठताणाने त्याचा गोल मणी होतो. दोन मिलिमीटरचा मणी पुरे. ज्योत काढताना घाई करायची नाही, मणी हळूहळू गोठू द्यायचा. भिंगातून पाहिले तर गोलाईवर बारीक चकचकीत सपाट चकत्या दिसतात. त्या (१११) प्रतलाच्या. सोनाराला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते: टाकणखार लावायचा नाही. त्याचा हात सवयीने डबीकडे जातो, आणि टाकणखाराचा काचेसारखा थर बसला की मणी वाया.

मणी त्याच दिवशी वापरला. (१११) वरच्या एका अणूच्या पायरीची उंची २.३५ अँगस्ट्रॉम असते, त्यामुळे पिझोचे, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर लांबी बदलून टिप हलवणाऱ्या स्फटिकाचे, उभ्या दिशेचे मापांकनही यातच उरकते.

मग मोजले. पोस्टरसाठी वापरलेलीच टिप, सोन्यावर: खड्डा हजर, खांदे ७५ च्या आसपास. टिप बदलून तारेचे नवे टोक कापले, सोन्यावर: अधिक-उणे १०० मिलिव्होल्टपर्यंत करंट सरळ रेषेत, खड्डा नाही. जुनी टिप परत बसवली: खड्डा परत.

खड्डा टिपबरोबर फिरत होता.

नोंदवही उघडल्यावर बाकीचे सुटले. सोमवारी गोळीवर मापन, बुधवारी स्फटिकावर, आणि दोन्हीकडे टिप तीच, कारण तार महाग आणि टोक ‘अजून चांगले’ होते. दोन वेगळ्या पदार्थांत सारखीच गॅप, हा पोस्टरवरचा सगळ्यात भक्कम पुरावा होता. सारखी होती ती टिप.

टिपवर काय बसले होते

दोन चाचण्यांनी याचे उत्तर जवळपास मिळते, आणि दोन्ही कुठल्याही टेबलावरच्या यंत्रावर होतात.

पहिली, करंट आणि अंतर. स्वच्छ जंक्शनमध्ये टिप एक अँगस्ट्रॉम मागे घेतली की करंट ढोबळमानाने दहावा होतो. चार-पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कार्यफलनाचा (इलेक्ट्रॉन पृष्ठभागातून बाहेर काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा) तो अर्थ. जुन्या टिपला तेवढ्यासाठी चार अँगस्ट्रॉम लागले. गणित केले तर इलेक्ट्रॉनांसमोरच्या अडथळ्याची उंची फक्त ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. इतकी कमी उंची निर्वात फटीची नसते. टिप घाणीचा मऊ थर दाबत होती, आणि पिझो चार अँगस्ट्रॉम हलला तरी खरे अंतर त्याहून कमी बदलत होते.

दुसरी, सेटपॉइंट बदलणे. नमुन्याच्या अवस्था-घनतेतले वैशिष्ट्य टिप जवळ नेली काय किंवा लांब नेली काय, त्याच व्होल्टेजला राहते. इथे जंक्शनचा रोध १०० मेगाओहमवरून १ गिगाओहम केला तेव्हा खांदे ८० वरून ९५ ला सरकले. गोळीवरच्या वेगवेगळ्या जागांच्या जुन्या फाइली पाहिल्या तर ते ५० पासून १३० पर्यंत कुठेही होते. पोस्टरवर त्यातला सगळ्यात देखणा वर्णपट गेला होता.

अंतराबरोबर सरकणारा, शून्याभोवतीचा, जवळपास सममित खड्डा म्हटले की पहिला संशय कूलॉम अडवणुकीचा. टिप आणि नमुना यांच्यामध्ये धातूसारखा वाहक एखादा सुटा कण विद्युतरोधक कवचात अडकून बसला, की त्यावर एक इलेक्ट्रॉन चढवायलाही ऊर्जा लागते. कणाची धारकता एक अॅटोफॅरड असेल तर लागणारे व्होल्टेज, विद्युतभार भागिले धारकतेची दुप्पट, बरोबर ८० मिलिव्होल्ट येते. एक अॅटोफॅरड म्हणजे साधारण नऊ नॅनोमीटर त्रिज्येचा कण. खोलीच्या तापमानाचे २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट ही अडवणूक बोथट करतात, पुसून टाकत नाहीत. टिप दूर गेली की तिची कणाशी असलेली धारकता घटते आणि खांदे बाहेर सरकतात, दिसले तेच.

तो कण आला गोळीवरून. खोलीत कूलर चालू होता. खानदेशात मार्च-एप्रिलला कूलरशिवाय बसवत नाही हे मान्य, पण ओल्या वाळ्यातून येणारा दमट वारा थेट टेबलावर, आणि टेबलावर पाण्याशी विक्रिया करणारा वायबीसीओ तीन आठवडे उघडा. पृष्ठभाग कार्बोनेट-हायड्रॉक्साइडच्या कवचात गुंडाळलेल्या भुसभुशीत कणांचा झाला होता. अशा गोळीवर स्कॅन करणे म्हणजे टिपने भुसा उकरणे. वायबीसीओ मोजायचाच असेल तर गोळी सिलिका जेल टाकलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवावी, मोजायच्या वेळी मोडावी, आणि आतला ताजा भंग घ्यावा. तरीही काही मिनिटांचाच वेळ हातात असतो.

टिप कापण्याबद्दल एवढेच: तार एका पकडीत धरायची, कटर तिरका लावायचा, आणि कापताना तार ओढायची, म्हणजे शेवटचा भाग कापला न जाता तुटतो. कापलेल्या टोकाला बोट लावायचे नाही. नमुना बदलला की टिप बदलायची, निदान सोन्यावर तपासायची. कात्रीइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

नवी टिप, ताजा सोललेला २२१२, ऑफसेट वजा: हळूच कललेली, गुळगुळीत, शून्याजवळ काहीही नसलेली रेषा. ३०५ केल्विनला या यंत्राने जे दिसायला हवे होते ते हेच.

आगगाडी, अर्थिंग, काळी माती

टिप आणि पृष्ठभाग यांच्यातले अंतर शंभरांश अँगस्ट्रॉमने हलले तरी स्वच्छ जंक्शनमध्ये करंट दोन टक्के हलतो. वर्णपट घेताना फीडबॅक बंद असतो, म्हणजे ही हालचाल सावरणारे कोणी नसते. भुसावळकडे जाणारी मालगाडी गेली की करंटच्या वारंवारता-वर्णपटात ८ ते २० हर्ट्झमध्ये फुगवटा येई. प्रयोगशाळेतले आप्पा नुसत्या कानाने सांगत, “गाडी जाऊ द्या, मंग लावा.” ते बरोबर होते, पण वीस फेऱ्यांच्या सरासरीत एक फेरी गाडीची आली तरी बाकीच्या बिघडतात.

दहा किलोची कडप्पा फरशी दुचाकीवर सामान बांधायच्या रबरी दोऱ्यांनी टांगली. दोरी भाराने किती ताणली जाते यावर दोलनाची वारंवारता ठरते: २५ सेंटिमीटर ताण म्हणजे १ हर्ट्झ. रबर स्प्रिंगइतके सरळ वागत नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त येते. तरी १० हर्ट्झचे कंपन शंभराव्या हिश्श्यापर्यंत खाली येते. उन्हाळ्यात रबर रोज थोडे लांबते. दर सोमवारी गाठ वर घ्यावी लागली. फरशीखाली फुगवलेली स्कूटरची ट्यूब हा पर्याय सोपा आहे, पण त्याची वारंवारता ३ ते ५ हर्ट्झ राहते आणि मालगाडीच्या पट्ट्याला ती जेमतेम पुरते. यंत्राकडे जाणाऱ्या वायरी सैल, वळसा देऊन सोडाव्या. ताठ वायर म्हणजे जमिनीला जोडलेली काठीच.

५० हर्ट्झचा आवाज मात्र टांगण्याने जाईना. तो अर्थिंगचा होता. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि अर्थिंगच्या प्लेटभोवती कोरडी फट पडली की अर्थचा रोध चढतो. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून पाणी सोडले, दर आठवड्याला एक बादली चालू ठेवली. त्याहून जास्त फरक पडला तो प्रीअँप्लिफायर दोन १२ व्होल्ट बॅटऱ्यांवर घेतल्याने. यूपीएसचा स्विचिंगचा कचराही त्याबरोबर गेला.

खरे मापन कसे असते

पोस्टरवर ज्या प्रयोगांची उदाहरणे दिली होती ते कुठल्या परिस्थितीत झाले, हे विद्यार्थिनीने नंतर एका पानावर उतरवून काढले. ते पान प्रकल्पातले सगळ्यात उपयोगी पान ठरले.

स्फटिक धारकावर वाहक इपॉक्सीने चिकटवतात, वर एक छोटा खांब चिकटवतात. अतिनिर्वातात, थंड अवस्थेतच, तो खांब ठोकरून पाडतात. त्याबरोबर वरचे पापुद्रे जातात आणि कधीही हवा न लागलेला पृष्ठभाग टिपसमोर येतो. टिप आधी सोन्यावर तपासलेली असते. तापमान ४.२ केल्विन किंवा कमी. बायस १०० मिलिव्होल्टच्या आसपास, करंट १०० पिकोअँपियरच्या आसपास. अवकलन संगणकावर नाही, तर लॉक-इनने: बायसवर दोन-तीन मिलिव्होल्टची दोलायमान भर घालायची, काहीशे हर्ट्झवर, पण ५० च्या कुठल्याही पटीवर नाही.

पृष्ठभागावर दिसतात ते बिस्मथचे अणू, ३.८ अँगस्ट्रॉम अंतरावर, आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या साधारण २६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या लाटा. ज्या तांबे-ऑक्सिजन प्रतलात अतिवाहकता आहे ते त्याखाली सुमारे पाच अँगस्ट्रॉमवर. टिपला खालच्या प्रतलाचे इलेक्ट्रॉन वरच्या थरांतून गाळून दिसतात, हे लक्षात ठेवावे लागते.

वर्णपट इंग्रजी व्ही अक्षरासारखा, तळ टोकदार, कारण ही गॅप डी-तरंग प्रकारची, काही दिशांना शून्य होणारी. आणि ती सगळीकडे सारखी नसते. एकाच स्फटिकात काही नॅनोमीटरवर गॅप २५ वरून ६० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टवर जाऊ शकते. २००१-०२ मध्ये हे नकाशांनी स्पष्ट झाले. ‘२२१२ ची गॅप अमुक’ असे एका वर्णपटावरून लिहिणे त्यानंतर कोणी गंभीरपणे करत नाही. डेव्हिस यांच्या बर्कलीतल्या गटाने २००० मध्ये तांब्याच्या जागी बसलेल्या एकेका जस्ताच्या अणूभोवती उणे १.५ मिलिव्होल्टवर चार पाकळ्यांची खूण दाखवली. ३०५ केल्विनच्या ९० मिलिव्होल्ट पसाऱ्याशेजारी हा १.५ ठेवून पाहावा. २००२ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी वर्णपट-नकाशांचे फुरिए रूपांतर घेऊन ऊर्जेबरोबर सरकणारे ठिपके दाखवले. विकृतींवरून विखुरलेल्या इलेक्ट्रॉन-तरंगांची ती आपसातली जाळी, आणि तीतून संवेग-अवकाशातली गॅप वाचता येते. टिप जागेची माहिती देते, पण नकाशा पुरेसा मोठा असेल तर संवेगाचीही. ६५ नॅनोमीटर बाजूच्या नकाशातून ब्रिलुआँ क्षेत्राच्या (स्फटिकाच्या संवेग-अवकाशातल्या मूळ एककाच्या) रुंदीच्या शेकडा ०.६ इतके बारीक विभेदन मिळते.

त्याची किंमत वेळात. २५६ गुणिले २५६ बिंदू म्हणजे ६५,५३६ वर्णपट. एकाला दोन सेकंद धरले तर ३६ तास, आणि तेवढा वेळ टिप त्याच अणूंवर राहिली पाहिजे. शिवाय एक छुपा सापळा: प्रत्येक बिंदूवर टिपची उंची सेटपॉइंटने ठरते, म्हणून जागोजागचे वर्णपट वेगवेगळ्या पट्टीने मोजलेले असतात. अधिक बायसचा नकाशा उणे बायसच्या नकाशाने भागला तर ही पट्टी कटते, म्हणून गुणोत्तराचे नकाशे काढतात.

मग एसटीएमच वीर्यकांड्यांच्या कंटेनरात सोडायचा का, असा प्रस्ताव मधे आला होता. सोडू नये. उकळत्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांची कंपने, टिपवर बर्फ, चिकटवलेल्या सांध्यांना तडे, आणि पिझोचा विस्तार ७७ केल्विनला निम्म्याच्या आसपास येत असल्याने सगळे मापांकन निकामी. एवढे करून विभेदन २३ मिलिव्होल्ट, आणि गॅप ४०.

अहवालात काय राहिले

गॅपचे प्रकरण काढून टाकले. त्याजागी सोन्यावरच्या तीन वर्णपटांची तुलना, करंट-अंतराच्या रेषा आणि ऑफसेटचे गणित आले. बाहेरच्या परीक्षकांनी याच भागावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

२२१२ च्या ताज्या पृष्ठभागावरच्या पायऱ्या मोजल्या. सोन्याच्या २.३५ अँगस्ट्रॉमवर मापांकन केल्यावर त्या १५.४ च्या आसपास आल्या: एकक पेशीच्या उंचीच्या निम्म्या, म्हणजे स्फटिक बिस्मथ थरांमध्येच सुटतो हे हवेतल्या साध्या यंत्राने दाखवता आले.

अतिवाहकतेसाठी चार टोकांची रोध-तापमान मोजणी. गोळीतून १०×२×२ मिलिमीटरची पट्टी कापली, पृष्ठभाग खरवडून चांदीच्या रंगाने टोके लावली. न खरवडता लावलेली टोके कवचावरच बसतात. १० मिलिअँपियर करंटला टोकांमध्ये शंभर-दीडशे मायक्रोव्होल्ट मिळतात, त्यामुळे काही मायक्रोव्होल्टचे औष्णिक विभव उलटसुलट करंट देऊन काढावेच लागते. तापमापक पीटी-१००: ७७ केल्विनला सुमारे २०.३ ओहम, ९० ला २५.८. पट्टी आणि तापमापक एकाच तांब्याच्या ठोकळ्यावर, आणि ठोकळा नायट्रोजनच्या वर टांगून अर्ध्या तासात खाली. घाई केली की थंड होतानाची आणि तापतानाची रेषा चार-पाच केल्विनने वेगळी पडते. पहिल्या दिवशी तसेच झाले.

स्फटिकाचा उरलेला तुकडा इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमकडे नीच तापमानातल्या मापनासाठी अर्ज करायला बाजूला ठेवला आहे. चिकटपट्टी न लावलेली बाजू वर, सिलिका जेलच्या डबीत. डबीच्या झाकणावर आप्पांनी मार्करने लिहिले आहे: कूलरसमोर उघडू नये.